चालकाचे डोळे मिटलेले आहेत

गाडी मोनालीच्या हट्टाने घेतली होती. त्यांची लेक स्वरा गेल्यानंतर ज्ञानेश मोटरसायकलवर बसला की आधी मागे वळून रिकाम्या सीटकडे बघायचा आणि मग निघायचा. वाटेतही बघायचा. पालघरहून बोईसरमार्गे तारापूरच्या कारखान्यापर्यंतचा रस्ता टँकर आणि कंटेनरांचा. त्या रस्त्यावर मागे वळून बघणारा नवरा तिला नको होता. जी सगळ्यात सुरक्षित असेल ती गाडी घेऊ, एवढंच तिने सांगितलं होतं.

शोरूममधल्या मेहुलने स्टिअरिंगच्या मागे बसवलेला काळा ठिपका दाखवला.

"हा कॅमेरा. चालकाचे डोळे मिटले, मान खाली गेली, की गाडी वाजणार. आणि तेवढ्या वेळचा व्हिडिओ मालकाच्या मोबाइलवर येणार, आवाजासकट."

"बंद करता येतो?" मोनालीने विचारलं.

"नाही मॅडम. नव्या गाड्यांना हे येतंच. बंद करायचं बटणच दिलेलं नाही." मग तो ज्ञानेशकडे वळून हसला. "सर, आता वहिनींपेक्षा गाडीच जास्त लक्ष ठेवणार तुमच्यावर."

ज्ञानेशचं लक्ष नव्हतं. तो मागचा दरवाजा उघडून सीटबेल्ट बाहेर ओढत होता आणि सोडत होता. कर्ज मोनालीच्या पगारावर होतं, म्हणून गाडी तिच्या नावावर झाली आणि फोन नंबरही तिचाच लागला. मेहुलने पुढे केलेल्या पडद्यावर "सहमत आहे" असं लिहिलं होतं. त्याच्या वरती बारीक अक्षरांची लांबच लांब पानं होती. तिने सहमत आहे दाबलं.

पहिल्या रविवारी सासूबाईंना घेऊन ते उमरोळीपर्यंत फिरून आले. रस्त्यालगतच्या मारुतीपाशी ज्ञानेशने सवयीने डोळे मिटून मान लववली आणि गाडी पिपाणीसारखी वाजली. इंदुबाई दचकल्या.

"देवाला नमस्कार केला तर ओरडायलीय ही. ज्ञाना, ही कुणाच्या धर्माची आणलीस रे?"

त्या दिवशी तिघंही हसली होती. किती तरी महिन्यांनी.

मोनाली पालघरला पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत होती. मासवण, सफाळे, मनोर, कुठून कुठून विहिरींचं आणि बोअरचं पाणी बाटल्यांतून यायचं. बाटलीत जे आहे तेवढंच सांगायचं, विहिरीबद्दल बोलायचं नाही, हे ती नव्या मुलांना पहिल्याच दिवशी शिकवायची. आणि चुकीचा आकडा लिहिला गेला असेल तर तो दिसताक्षणी एका रेघेने खोडायचा, शेजारी खरा लिहायचा, सही करायची. उद्यावर टाकायचं नाही.

एका रविवारी तिची पाळी होती. ती बाटल्यांवर चिठ्ठ्या लावत असतानाच पहिल्यांदा फोनवर आलं: चालकाचे डोळे मिटलेले आहेत. तिने लगेच ज्ञानेशला फोन लावला.

"कुठे आहात?"

"गाडीत. का गं?"

"सहज. झोप येत असेल तर थांबून चहा घ्या."

"थांबलेलोच आहे," तो म्हणाला. आवाज सर्दी झाल्यासारखा होता.

मग तिने तो व्हिडिओ उघडला. ज्ञानेश झोपलेला नव्हता. रडत होता. तोंड उघडं, डोळे घट्ट मिटलेले, चष्मा कपाळावर ढकललेला. काचेबाहेर सुरूची झाडं होती आणि त्यांच्या मागे समुद्राची करडी पट्टी. दवाखान्यात, स्मशानात, नंतरच्या बारा दिवसांत हा माणूस रडला नव्हता. लोक मोनालीला बाजूला घेऊन म्हणाले होते, त्याला रडू दे, नाहीतर दगड होईल. आणि आता ते यंत्र सांगत होतं की तो पेंगतो आहे.

व्हिडिओच्या शेवटी तो मागची सीट दिसणाऱ्या आरशाकडे बघून म्हणाला, "आजीला सांगू नकोस हं. आजी तिची माळ काढून माझ्या गळ्यात घालेल."

तिथे व्हिडिओ तुटला.

मोनालीने त्याला काही विचारलं नाही. हे आपल्या फोनवर येतं हे सांगितलं तर तो गाडीत रडायचा थांबेल, हे तिला कळत होतं. आणि दुसरंही एक कारण होतं. पुढचा व्हिडिओ आला तेव्हा ज्ञानेश म्हणत होता, "तू आधी चावून दाखव, मग मी खातो." त्याच्या पुढचा आला तेव्हा, "बोंबलाला कसला काटा बाबा, तूच म्हणालीस ना?" आणि तो हसत होता, गाल ओले असताना. मोनाली जेवणाच्या सुट्टीत प्रयोगशाळेच्या मागच्या पायरीवर बसून ते कानाशी धरून ऐकायची. तिच्या घरात स्वराचं नाव आता कुणी घेत नव्हतं. त्या फोनमध्ये अजूनही कुणीतरी तिच्याशी बोलत होतं, तिची चेष्टा करत होतं.

तुकड्या-तुकड्यांतून तिला हळूहळू कळलं. बोईसरला रविवारी स्वराचा चित्रकलेचा क्लास असायचा. तो सुटला की बापलेक सरळ घरी येत नसत. समुद्रकाठच्या दांडीला जायचे, हंसाबाई नावाच्या कुणाच्या तरी ओटीवर बसायचे आणि तळलेले बोंबील खायचे. घर माळकरी. परभणीहून इकडे नोकरीला येऊन वीस वर्षं झाली तरी या स्वयंपाकघरात अंडंही आलेलं नव्हतं. स्वरा घरी आली की केसांना समुद्राचा वास यायचा, आणि दोघं म्हणायची, किनाऱ्यावर खेळलो.

मोनालीला राग आला नाही. मुलगी आपल्याला वाटत होती त्याहून थोडी मोठी होती, तिच्या आयुष्यात आपल्याला न दिसलेली एक ओटी होती, हे कळून तिला मिळाल्यासारखंच वाटलं काहीतरी. ती आता फोनची वाट बघायची. एखाद्या रविवारी काही आलं नाही तर सोमवारी तिचं कामात चित्त लागत नसे.

दिवाळीनंतर स्वराचं वर्ष आलं. लहान मुलांचं श्राद्ध करत नाहीत, भटजींनी तसं सांगितलंही. पण इंदुबाई ऐकेनात.

"श्राद्ध नका करू. पान तर ठेवाल की नाही? गच्चीत एक पान ठेवायचं. तिला आवडायचं ते सगळं त्यात पाहिजे, एकही राहू नये. राहिलं की कावळा शिवत नाही. माझ्या भावाच्या वेळेला सगळं केलं, सगळं, आणि कावळा बघायला तयार नाही. शेवटी कुणाला तरी आठवलं, त्याला ऊस लागायचा."

"शिरा करू, आई. बटाट्याची भाजी, काप केलेली. वरणभात."

"आणखी आठव. तू आई आहेस."

मोनालीला आणखी एक गोष्ट माहीत होती. ती तिने दोन दिवस कुणाला सांगितली नाही. ज्ञानेशने एकट्याने हे ओझं वाहू नये, असं तिला वाटत होतं. पानावर बोंबील दिसला की त्याला कळेल की तिला ठाऊक आहे आणि ती रागावलेली नाही. मग तो तिच्याशीही बोलेल, गाडीत बोलतो तसा. हे तोंडाने सांगणं दोघांनाही जमलं नसतं. पान ते सांगेल.

त्या दिवशी ज्ञानेश सकाळच्या पाळीला गेला होता आणि अर्धी रजा टाकून दुपारी येणार होता. मोनाली एसटीने बोईसरला आणि तिथून रिक्षाने दांडीला गेली. बोंबील तळून देणाऱ्या हंसाबाई कुठे राहतात, हे विचारावं लागलं एकदाच. ओटीवर एक पन्नाशीची बाई बोंबील पाटाखाली दाबून त्यातलं पाणी काढत होती.

"तुमाला कुनी धाडलं?" तिने मान वर न करता विचारलं. "शनिवारी मी तलत नाय. रविवारी या."

"माझे मिस्टर येतात तुमच्याकडे. ज्ञानेश. पालघरहून."

हंसाने हात थांबवला आणि मोनालीला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"स्वराची आई?" ती खळखळून हसली. "मंग तसं बोला ना. बसा, बसा. सापडले एकदाचे बापलेक. मी दादांना बोलतेच, एक दिस आई येनार नि दोगांना धरनार. माळवाले तुमी, नि पोरगी बघा, बोंबील सोडून पापलेटला हात नाय लावत."

मोनाली बसली. हसावं असं तिला वाटलं, आणि ती हसलीही.

"पन तिला नाय आणली?" हंसा म्हणाली. "मला तिचा चष्मा बगायचा व्हता."

"कसला चष्मा?"

"दादा बोलले ना. सहावीत गेली नि चष्मा लागला. उंच पन झाली बोलले, आता माज्या खांद्याला लागेल. मी बोलते फोनमदे फोटो दाखवा, तर बोलतात फोटो काढू देत नाय, लाजते. मोठी झाली ना आता. क्लासची येल बदलली म्हनून येत नाय, तर दर टायमाला तिचा डबा बांधून नेतात. मी कमी तिखटाचे टाकते त्यात."

स्वरा पाचवीत असताना गेली होती.

मोनालीला समोर तळहातभर जागेत वाळत घातलेली जाळी दिसत होती आणि त्यावर बसलेल्या माश्या. हो, शाळेत गेली आहे, एवढं म्हणायला तिला वेळ होता. हंसा डब्यासाठी आत वळली होती, तेवढा वेळ नक्कीच होता. पण समोर चुकीचं लिहिलेलं होतं, आणि तिचा हात अशा वेळी थांबत नसे.

"हंसाताई, स्वरा नाही. मागच्या वर्षी गेली, मेंदूज्वराने. आज तिचं वर्ष आहे."

हंसा डबा घेऊन दारात उभी राहिली.

"नाय," ती म्हणाली. "परवाच्या रविवारी डबा नेला तिचा."

मोनालीने तिच्या हातातल्या डब्याकडे पाहिलं.

"त्यांनी सोता नेला. मी दोन जास्ती टाकले." मग हंसा खाली बसली, भिंतीला पाठ लावून, पाय पसरून, मयताच्या घरी बसतात तशी. उठली तेव्हा तिने काही न विचारता चूल पेटवली, बोंबील रव्यात घोळवले आणि तळले. डबा हातात देताना म्हणाली, "दादांना सांगा, आता नका येऊ. मला नाय जमनार त्यांच्याकडं बगायला."

परतीच्या रिक्षात डबा मांडीवर गरम लागत होता. त्या तुकड्यांत ज्ञानेश हंसाशी काय बोलतो ते कधीच आलं नव्हतं. कसं येणार? तिच्या ओटीवर बसून तो रडत नसे. तिथे त्याचे डोळे उघडे असत. कॅमेऱ्याने फक्त त्यानंतरचं दाखवलं होतं, आणि मोनालीने त्यावरून सगळं ठरवून टाकलं होतं. डबा रस्त्यात टाकून द्यावा असं तिच्या मनात आलं. मग वाटलं, पण हे स्वराला आवडायचं. तेवढं तर खरं होतं.

गच्चीत केळीचं पान मांडलं तेव्हा ज्ञानेश अंघोळ करून, ओल्या केसांनी, पाण्याचा तांब्या घेऊन आला. शिरा, भात, बटाट्याचे काप. मोनालीने डबा उघडला.

इंदुबाई वाकल्या. "मासा आहे का गं हा?"

"हो आई. बोंबील. स्वराला आवडायचे."

इंदुबाईंचा हात गळ्यातल्या माळेकडे गेला आणि तिथेच राहिला. "खायची कुठं?"

त्यांनी मुलाकडे पाहिलं, मग पानाकडे.

"मला सांगितलं असतं तर मी काय मारलं असतं का पोरीला," त्या म्हणाल्या. "ठेव. मधोमध ठेव. लांबून दिसला पाहिजे."

ज्ञानेशने तांब्या कठड्यावर ठेवला. "तुला कुणी सांगितलं?"

"गाडीने," मोनाली म्हणाली. "तुमचे डोळे मिटले की माझ्या फोनवर येतं. आवाजासकट."

"कधीपासून?"

"घेतली तेव्हापासून."

त्याने मान हलवली, पगाराची कपात समजावून सांगितल्यावर माणूस हलवतो तशी. मग त्याची नजर डब्यावर गेली. स्टीलचा डबा, झाकणावर खिळ्याने कोरलेलं नाव.

"हा हंसाचा डबा आहे."

"हो."

"तू गेली होतीस."

"हो."

"काय सांगितलंस तिला?"

मोनालीने बोंबील पानाच्या मधोमध ठेवले. त्याला ते तेवढ्यात कळलं. तो गच्चीचं दार उघडून खाली गेला, चप्पल वरच राहिली. पाण्याच्या टाकीवर बसलेला कावळा खाली उतरला आणि त्याने पहिल्यांदा बोंबीलच उचलला. "शिवला," इंदुबाई म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून कठड्यापाशी बसल्या.

खाली ज्ञानेश स्वयंपाकघरात उभा होता. ओट्यावर हात टेकून.

"मला माहीत नव्हतं," मोनाली म्हणाली. "तुम्ही तिला काय सांगत होतात ते नव्हतं त्यात."

"पहिल्यांदा गेलो तेव्हा सांगायलाच गेलो होतो," तो म्हणाला. "तिने विचारलं, पोरगी कुठाय? माझ्या तोंडून निघालं, परीक्षा आहे. मग पुढच्या रविवारी तिने विचारलं, कशी गेली परीक्षा. सांगावं लागलं ना काहीतरी. चांगली गेली म्हटलं. मग जूनमध्ये सहावी आली. चष्मा लागला. मला लागला तसाच, त्याच वयात. मी विचार करून सांगायचो गं. आठवडाभर विचार करायचो, या रविवारी काय झालं असेल तिचं."

"आणि गाडीत बसल्यावर?"

"गाडीत बसल्यावर डबा शेजारी असायचा."

ओट्याच्या कडेवरचा पाण्याचा ओघळ त्याने बोटाने पुसला.

"एक जागा होती, मोनाली. तिथे ती मोठी होत होती."

सोमवारी तिने शोरूमला फोन केला. मेहुलने ओळखलं.

"माझ्या फोनवर येणारे व्हिडिओ बंद करायचे आहेत. आणि आधीचे काढून टाकायचे आहेत."

"तुमच्या फोनवरचे काढता येतील मॅडम. मी सांगतो कसं ते."

"आणि गाडीतले?"

"गाडी रेकॉर्ड करतच राहणार. ते कंपनीकडे जातं, ते आपल्या हातात नाही. तुम्ही सहमती दिली होती ना."

"तिथे कोण बघतं?"

"कोणी बघत नाही मॅडम. मशीनच बघतं. तुम्ही टेन्शन नका घेऊ."

तिने सांगितल्याप्रमाणे एकेक करून सगळे पुसले. पुसण्याआधी ऐकले नाहीत. मग फोन ज्ञानेशसमोर धरला. त्याने पाहिलं, बरं म्हणाला, आणि फोन परत दिला. दुसऱ्या दिवसापासून तो कारखान्याच्या बसने जाऊ लागला. गाडीची किल्ली दाराजवळच्या खिळ्यावर होती. सासूबाईंना गुडघ्यासाठी डॉक्टरकडे न्यायचं झालं तेव्हा त्याने ती घेतली आणि गाडी चालवताना एकदाही तोंड उघडलं नाही. गाडीही वाजली नाही.

रविवारी सकाळी तो बाल्कनीत खुर्चीवर बसून होता. पेपर मांडीवर, न उलगडलेला. मोनाली चहा घेऊन आली आणि समोर जमिनीवर बसली. हे ती आठवडाभर मनात जुळवत होती. खोटं बोलायची तिला सवय नव्हती, सुरुवात कुठून करायची ते कळत नव्हतं.

"अहो," ती म्हणाली, "चष्म्याचा नंबर किती आहे तिचा?"

ज्ञानेशने तिच्याकडे पाहिलं.

"सहावीत कुठली तुकडी मिळाली? नीट ऐकलं नाही मी." तिने कप त्याच्या हातात दिला. "आणि उंची. खांद्याला लागते म्हणजे माझ्या की हंसाताईंच्या?"

ती काय करायला बघते आहे ते त्याला समजलं होतं. त्याच्या ओठांवर काहीतरी येतही होतं, एखादा आकडा, एखादी तुकडी. मग ते गेलं. त्याने कप खाली ठेवला आणि तिचा हात हातात घेतला.

"ती गेली, मोनाली," तो म्हणाला.

वर्षभरात हे त्याच्या तोंडून पहिल्यांदा निघालं होतं. हळू, समजावून सांगावं तसं. मोनालीने मान हलवली, जणू तिला ते आताच कळत होतं.